पृथ्वीची मोजणी करणारे कर्नल लॅम्बटन

वाचकहो, आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात घर बांधायला काढले की गवंडी दोन साधने हाताशी ठेवल्याशिवाय कामाला हात लावीत नाही. एक ओळंबा आणि दुसरी पाणसळ. ओळंबा भिंत सरळ उभी आहे की नाही ते सांगतो, पाणसळ फरशी एका पातळीत आहे की नाही ते सांगते. ओळंबा अगदी सरळ खाली लोंबतो, अशी आपली पक्की समजूत असते. ती समजूत थोडीशी चुकीची आहे. जवळ मोठा डोंगर असेल, किंवा जमिनीखाली जड खडक दडलेला असेल, तर ओळंबा किंचित त्या बाजूला ओढला जातो. भिंतीला त्याने काही होत नाही. परंतु संपूर्ण पृथ्वी मोजायला निघालेल्या माणसाला मात्र हा केसभर फरक पुरता घोळात टाकतो. अशा एका माणसाची हकिगत तुम्हांला सांगावयाची आहे. त्यांचे नाव लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्बटन. त्यांची कबर परदेशात कोठे नसून आपल्याच महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे आहे.

पृथ्वी मोजण्याचा प्रयत्न लॅम्बटन यांच्या फार पूर्वीपासून होत आलेला आहे. नवव्या शतकात बगदादचे खलिफा अल्-मामून यांनी विद्वानांना सिंजारच्या सपाट मैदानात पाठविले आणि एक अंश अक्षांश म्हणजे जमिनीवर किती अंतर, हे प्रत्यक्ष चालून मोजवून घेतले. पुढे अकराव्या शतकात अबू रैहान अल्-बिरूनी यांनी आज पाकिस्तानी पंजाबात असलेल्या नंदना किल्ल्याजवळ एका डोंगराची उंची काढली, त्याच्या माथ्यावरून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते तो कोन मोजला, आणि तेवढ्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढून दाखविली. विद्यार्थी मित्रांनो, ही रीत शिवनेरीवर उभे राहून मनातल्या मनात करून पाहा. अडचण एवढीच, की आपल्याकडे क्षितिजाच्या जागी चहूकडे डोंगरच आडवे येतात.

बिरूनी यांनी पृथ्वी चेंडूसारखी गोल धरली होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस न्यूटन यांनी गणिताने दाखविले की, स्वतःभोवती फिरणारी पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आणि विषुववृत्तापाशी फुगलेली असली पाहिजे. फ्रान्समधील काही मोजणीदारांचे म्हणणे नेमके उलटे होते. तेव्हा फ्रेंचांनी एक तुकडी दक्षिण अमेरिकेत विषुववृत्तावर आणि दुसरी उत्तरेस लॅपलंडच्या बर्फात पाठविली, व न्यूटन खरे ठरले. आज आपल्याला ठाऊक आहे की विषुववृत्ताकडील त्रिज्या ध्रुवाकडील त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे. आपल्या जुन्नरच्या अक्षांशावर एक अंश म्हणजे जवळजवळ ११०.७ किलोमीटर भरतो, तर ध्रुवापाशी तोच एक किलोमीटरने अधिक भरतो. पण चपटेपणा नक्की किती, हा प्रश्न लॅम्बटन यांच्या तरुणपणी मोकळाच होता. विषुववृत्ताच्या जवळ, लांबलचक आणि अचूक मोजणी झाल्याशिवाय तो सुटणार नव्हता.

लॅम्बटन यांचा जन्म अठराव्या शतकाच्या मध्यास, इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील नॉर्थअ‍ॅलर्टन गावाजवळ एका साध्या शेतकरी घरात झाला. घरी पैसा नव्हता, ओळखीपाळखी नव्हत्या. गणितात मात्र मुलाची बुद्धी चाले. त्या जोरावर सैन्यात कनिष्ठ हुद्द्याची जागा मिळाली आणि ते अमेरिकेतील लढाईत गेले. १७८१ साली यॉर्कटाऊन येथे इंग्रजांनी शरणागती पत्करली तेव्हा तेही कैद झाले. सुटल्यानंतरची सुमारे तेरा वर्षे त्यांनी कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात, सैनिकांच्या बराकींची व्यवस्था पाहण्याच्या नीरस नोकरीत काढली. तेथेच एकदा सूर्यग्रहण पाहताना पुरेशी काळजी न घेतल्यामुळे त्यांचा एक डोळा अधू झाला. पुढे आयुष्यभर दुर्बिणीला डोळा लावून बसायचे ज्याच्या नशिबी होते, त्याच्या बाबतीत हे घडावे! या तेरा वर्षांत बढती नाही, कीर्ती नाही. हा माणूस रोज संध्याकाळी गणिताची व खगोलशास्त्राची पुस्तके मात्र वाचीत राहिला. पालकांनी हा काळ ध्यानात घ्यावा असे मला वाटते, कारण बाहेरून पाहणाऱ्याला या वर्षांत काहीच घडलेले दिसले नसते.

शतक संपता संपता त्यांची पलटण हिंदुस्थानात आली. १७९९ ची म्हैसूरची लढाई म्हटली की आपल्याला आठवतात ते टिपू सुलतान, आणि तेच योग्य आहे. त्या लढाईत लॅम्बटन इंग्रजांच्या बाजूने होते, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. एप्रिल महिन्यात एका रात्री जनरल बेअर्ड यांची तुकडी अंधारात वाट चुकली. लॅम्बटन यांनी वर आकाशाकडे पाहिले. ताऱ्यांवरून त्यांच्या ध्यानात आले की आपण परतीच्या नव्हे, तर थेट टिपूच्या सैन्याच्या दिशेने चाललो आहोत. सेनापतीला ते पटेना. शेवटी उजेडात होकायंत्र पाहिले, तेव्हा ताऱ्यांचेच खरे ठरले. मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान लढता लढता मरण पावले, आणि त्यांचे राज्य कंपनीच्या हाती आले.

नव्या मुलखाचे नकाशे कंपनीला हवेच होते, करवसुलीसाठी आणि फौजा हलविण्यासाठी. लॅम्बटन यांनी ही संधी साधली. त्यांनी सरकारपुढे योजना मांडली ती अशी : एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांचे जाळे टाकू, म्हणजे सर्व नकाशे त्यावर अचूक बसतील. त्यांच्या मनातला खरा हेतू मात्र दक्षिणोत्तर लांब पट्टी मोजून पृथ्वीचा आकार काढण्याचा होता. मद्रासेतील एका अधिकाऱ्याचा सवाल होता की, श्रीरंगपट्टणला जावयाचे तर पालखीचे भोई वाट जाणतात, त्यासाठी एवढा खर्च कशाला? तरीही मंजुरी मिळाली.

यंत्रांची कथाही मोठी रंजक आहे. पोलादी साखळी आणि माथ्यावरील ताऱ्यांचा कोन मोजणारे झेनिथ सेक्टर नावाचे यंत्र, ही दोन्ही मुळात इंग्रज वकिलातीने चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी नेलेली. बादशहाला त्यांचे अगत्य वाटले नाही, आणि ती फिरत फिरत कलकत्त्यास येऊन विक्रीला निघाली होती. थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याची ती सुमारे अर्ध्या टनाची अजस्र दुर्बीण, लंडनहून निघाली, पण वाटेत फ्रेंचांनी जहाजच पकडले व ती मॉरिशसला नेली. पेटीत काय आहे हे कळल्यावर तेथील फ्रेंच गव्हर्नरने ती सन्मानपूर्वक मद्रासेस पाठवून दिली. युद्ध चालू असताना शत्रूने शास्त्राचा मान राखला, हे आजही वाचताना बरे वाटते.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासेतील सेंट थॉमस माउंटजवळ पायारेषा मोजण्यास प्रारंभ झाला. शेतीच्या मोजणीतली ३३ फुटी साखळी तुमच्यापैकी अनेकांच्या परिचयाची असेल. तिच्या लांबी-रुंदीचा चौरस म्हणजेच आपला एक गुंठा. लॅम्बटन यांची साखळी १०० फुटी होती. ती जमिनीवर न टाकता लाकडी पेट्यांत, तिकाटण्यांवर, सावलीत ठेवून ताणीत. उन्हाने पोलाद वाढते, म्हणून प्रत्येक वेळी तापमान टिपले जाई. साडेसात मैलांची ही एक रेषा, पण ती मोजायला ५७ दिवस लागले. मग पुढे साखळीची गरज नाही. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात, हे आठवी-नववीच्या मुलांना ठाऊक आहे. डोंगरावर यंत्र, समोरच्या डोंगरावर निशाण, असे करीत त्रिकोणास त्रिकोण जोडून ते मंगळूरच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले. तेव्हा कळले की जुन्या नकाशांत दक्षिण भारताची रुंदी सुमारे ४० मैलांनी जास्त दाखविलेली होती!

त्यानंतर त्यांनी कन्याकुमारीकडून उत्तरेस, ७८ रेखांशाच्या आसपास, दक्षिणोत्तर पट्टी मोजायला घेतली. सपाट मुलखात डोंगर नसत, म्हणून देवळांची गोपुरे व मनोरे वापरावे लागत. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळावर थिओडोलाइट चढविताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. कोनांचे वर्तुळ वाकडे झाले. दुसरा कोणी असता तर विलायतेला पत्र लिहून तीन वर्षे स्वस्थ बसला असता. लॅम्बटन तंबूत शिरले आणि सुमारे सहा आठवडे स्वतःच्या हाताने ते वर्तुळ ओढून, ठोकून पुन्हा गोल करीत राहिले. त्याच यंत्रावर पुढची अनेक वर्षे काम झाले.

आता एक गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण इंग्रजी पुस्तकांत ती एक-दोन ओळींतच आटोपलेली असते. लॅम्बटन यांचे मदतनीस कोण होते? मद्रासेत १७९४ साली मोजणीची एक शाळा निघाली होती. तिच्यात अनाथाश्रमातील पोरकी मुले घेतली गेली. जोशुआ डी पेनिंग हा त्यांच्यापैकीच एक. तो लॅम्बटन यांचा उजवा हात बनला. खलाशी, निशाणवाले, हमाल, दुभाषे हे सारे इथलेच लोक. गोदावरी-कृष्णेच्या मधल्या जंगलात तापाने कितीतरी माणसे आजारी पडली, काही दगावली, आणि त्यांची नावे कोणत्याही दगडावर नाहीत. पुढच्या पिढीत अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन हे यंत्रदुरुस्तीचे कारागीर या खात्यात आले. हेन्री बॅरो नावाच्या इंग्रज यंत्रकाराच्या जोडीने त्यांनी काम केले, आणि बॅरो गेल्यावर १८४३ साली सरकारी यंत्रकाराची ती जागा मोहसिन हुसेन यांना मिळाली. इंग्रजी शिक्षण त्यांना लाभले नव्हते. हातातील कसब आणि यंत्राची समज, एवढ्यावर ते त्या जागी पोहोचले.

लॅम्बटन यांची पट्टी हैदराबादच्या निजामाच्या मुलखातून बिदरपर्यंत आणि पुढे वऱ्हाडात एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, परिसरात येऊन पोहोचली. १८१८ साली त्यांच्या कामाला हिंदुस्थानची महान त्रिकोणमितीय मोजणी असे नाव मिळाले आणि हाताखाली जॉर्ज एव्हरेस्ट हा तरुण अधिकारी आला. लंडनची रॉयल सोसायटी व पॅरिसची अकादमी यांनीही आपापल्या यादीत त्यांचे नाव घातले होते. पण वय सत्तरीकडे झुकले होते, छातीचा विकार बळावला होता. विलायतेला परत जाण्याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही. त्यांचे घरदार, मुलेबाळे या मातीतलीच होती. १८२२ च्या अखेरीस त्यांनी एव्हरेस्टला बिदरकडून पश्चिमेला, मुंबईच्या रोखाने, म्हणजे आपल्या बाजूला, त्रिकोण न्यायला पाठविले, आणि स्वतः हैदराबादहून नागपूरकडे निघाले. नागपूर अवघे पन्नास मैलांवर राहिले असता, २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटच्या मुक्कामी त्यांचा मृत्यू झाला.

येथे चरित्र संपते. परंतु वाचकहो, त्यांचा प्रश्न संपत नाही, आणि खरी गंमत तर पुढेच आहे.

बंगळूरच्या भागात लॅम्बटन यांना एक विचित्र गोष्ट आढळली होती. तेथे अंशाची लांबी हिशेबाशी जुळेना. दर ठिकाणी अक्षांश काढताना ताऱ्याचा कोन ओळंब्यापासून मोजावा लागतो. ओळंबाच ओढला गेला तर अक्षांश चुकणार. एका सेकंदाची चूक म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर. त्यांनी बरोबर तर्क केला की जमिनीखालचा जड खडक ओळंब्याला खेचीत असावा. पण ते सिद्ध करण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते.

एव्हरेस्ट यांनी पट्टी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. बिदरच्या उत्तरेकडील जुनी मोजणी त्यांनी पुरेशी अचूक नाही म्हणून पुन्हा केली, हेही नमूद केले पाहिजे. गुरूचे काम शिष्याने तपासले, यात गुरूचा अपमान नाही. उत्तरेकडील कलियाना व मध्य भारतातील कलियाणपूर या दोन ठाण्यांमधील अक्षांशाचे अंतर त्रिकोणांवरून एक आले आणि ताऱ्यांवरून दुसरे. फरक ५.२३६ सेकंदांचा. कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांनी हिशेब केला की हिमालय ओळंब्याला एवढा ओढतो, तर फरक जवळजवळ १६ सेकंदांचा हवा. हिमालय आपल्या आकारमानाच्या मानाने फारच कमी ओढीत होता! यावरून प्रॅट आणि एअरी यांनी १८५५ च्या सुमारास नवा विचार मांडला. एअरी यांचे म्हणणे असे, की पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यासारखी डोंगरांची हलकी मुळे खाली जड थरात खोल बुडालेली असतात. १८६५ पासून कॅप्टन बसेव्ही यांनी लंबक घेऊन गुरुत्वाकर्षण ठिकठिकाणी मोजण्यास आरंभ केला. लंबकाचे हेलकावे जेथे सावकाश, तेथे ओढ कमी. १८७१ साली लडाखच्या उंच पठारावर हेच काम करताना थंडीने ते मरण पावले.

म्हणजे पृथ्वीचा आकार नुसत्या अंतरांनी कळत नाही, तर गुरुत्वाकर्षणाने कळतो. जगभर सगळीकडे पाणसळ धरली तर समुद्राच्या सरासरी पातळीला जुळणारा जो काल्पनिक पृष्ठभाग मिळेल, त्याला भूआभ किंवा जिओइड म्हणतात. तो गुळगुळीत नसतो. जेथे जमिनीखाली वस्तुमान अधिक तेथे तो वर फुगतो, कमी तेथे खाली दबतो. साऱ्या जगातील सर्वांत मोठा खोलगट भाग आपल्याच दक्षिणेला, श्रीलंकेच्या पलीकडे हिंदी महासागरात आहे. तेथे हा पृष्ठभाग गणिती लंबगोलापेक्षा सुमारे १०६ मीटर खाली आहे. लॅम्बटन यांची सगळी पट्टी या खळग्याच्या उतारावर पडत होती, आणि त्यांना ते कळण्याचा मार्ग नव्हता.

हा खळगा नीट दिसला तो कृत्रिम उपग्रहांमुळे. १९५७ पासून उपग्रह फिरू लागले. पृथ्वीची ओढ कमीजास्त झाली की त्यांची कक्षा किंचित डळमळते, त्या डळमळण्यावरून ओढीचा नकाशा काढता येतो. २००२ ते २०१७ या काळात ग्रेस नावाचे दोन उपग्रह एकामागे एक, सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून फिरत होते. पुढचा उपग्रह जड प्रदेशावर आला की क्षणभर पुढे खेचला जाई, आणि तो सूक्ष्म फरक सूक्ष्मलहरींनी मोजला जाई. २००९ ते २०१३ मध्ये गोचे हा युरोपीय उपग्रह आणखी खालून, सुमारे २५५ किलोमीटर उंचीवरून फिरला.

पण उपग्रहाची एक मर्यादा आहे. आपल्याकडे म्हणतात ना, दुरून डोंगर साजरे! उंचावरून मोठमोठे चढउतार स्वच्छ दिसतात, बारीकसारीक मात्र पुसट होतात. शंभरएक किलोमीटरपेक्षा लहान तपशील उपग्रहाच्या हाती क्वचितच लागतो. उलट जमिनीवरचे गुरुत्वमापक यंत्र दहा कोटींत एक इतका फरक टिपते. दख्खनच्या काळ्या खडकाखाली काय दडले आहे याचा अंदाज त्याच यंत्राने घेतात. कोयना आणि कुर्डुवाडी येथे या खडकाखाली जुन्या खचदऱ्या असाव्यात, असे अनुमान १९७३ मध्ये अशाच मोजणीवरून मांडले गेले. मात्र जमिनीवरची मोजणी सलग नसते. समुद्र, दुर्गम पर्वत, देशादेशांच्या सीमा यांमुळे मध्ये मोठी भोके राहतात, आणि एका देशाचा आरंभबिंदू दुसऱ्याशी जुळत नाही.

तेव्हा शास्त्रज्ञांनी दोन्हींची सांगड घातली. भूआभाचे चढउतार म्हणजे लांब-आखूड लाटांची बेरीज, असे मानतात. लांब लाटा प्रामुख्याने उपग्रहाकडून घ्यायच्या, आखूड लाटा जमिनीवरील मापांकडून आणि समुद्रावर रडारने मोजलेल्या पाण्याच्या उंचीवरून. मधल्या लाटांबाबत दोघेही बोलतात, तेथे ज्याची चूक कमी त्याच्या शब्दाला वजन जास्त. घरात दोन वडीलधारी माणसे वेगवेगळा हिशेब सांगतात तेव्हा आपणही असेच करतो, फक्त गणिताने करीत नाही. या कामाला लागणारी लघुतम वर्गांची पद्धत फ्रान्सच्या लजांद्र यांनी १८०५ साली प्रसिद्ध केली, म्हणजे लॅम्बटन डोंगराडोंगरांतून निशाणे लावीत हिंडत होते त्याच वर्षांत. अशा रीतीने १९९६ चे जे प्रतिमान तयार झाले त्यात सुमारे एक लाख तीस हजार गुणक होते, आणि २००८ च्या प्रतिमानात सेहेचाळीस लाखांहून अधिक. त्यात नऊ-दहा किलोमीटरचा तपशील दिसतो, साधारण नारायणगावपासून खोडदपर्यंतच्या टापूएवढा.

याचा आपल्याला काय उपयोग, असे विचाराल. उपग्रहावरून स्थान सांगणारे यंत्र घेऊन कोणी मंचरच्या शेतात उभा राहिला, तर ते मुळात गणिती लंबगोलापासूनची उंची काढते. आपल्या भागात ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीहून साठ मीटरच्या आसपास कमी येते. दोन जागी हा फरक सारखाच असता तर काही बिघडले नसते, पण तो गावागणिक थोडाथोडा बदलतो. कुकडी प्रकल्पाचे कालवे पाहा. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरचे डिंभे, या धरणांचे पाणी कालव्यातून मैलोन्‌मैल जाते ते अगदी थोड्या उतारावर. पाणी लंबगोल ओळखत नाही. ते फक्त पाणसळीचे ऐकते. उपग्रहाची उंची कालव्याच्या कामी आणायची झाली, तर मध्ये भूआभाचे प्रतिमान लागतेच.

लॅम्बटन यांच्या पट्टीची मापे इतर देशांच्या मापांशी जोडून एव्हरेस्ट यांनी १८३० साली पृथ्वीचा लंबगोल ठरविला. त्यात चपटेपणा ३००.८ मध्ये एक असा धरला होता. आज तो २९८.२५७ मध्ये एक मानतात. साखळी, दुर्बीण आणि एका चांगल्या डोळ्याच्या जोरावर हा माणूस इतक्या जवळ पोहोचला होता. भारताचे नकाशे दीडशे वर्षांहून अधिक काळ त्याच लंबगोलावर काढले जात होते. २००५ च्या नकाशा धोरणाने सर्वसाधारण वापराच्या नकाशांसाठी उपग्रहांवर आधारलेला जागतिक लंबगोल स्वीकारला. हिंगणघाट हे नागपूरहून दक्षिणेस जाणाऱ्या मुख्य रेल्वेमार्गावरचे स्टेशन आहे, कापसाच्या बाजारासाठी नावाजलेले. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला गेलात, तर थोडी वाट वाकडी करून ती कबर शोधा.